घोट गिळल्यानंतर

अक्का वेळेआधी आली, तेव्हाच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. एरवी टेबल मांडून व्हावं, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागावेत, आणि मग कुठे अक्काची गाडी फाटकातून आत यायची. आज बटाटे अजून ओव्हनमध्ये होते. भाऊ आणि धाकटा दीर शेठ तळघरातून वर आले नव्हते. लेक चिऊ पुढच्या दालनात ग्लास पुसत होती. आणि अक्का मागच्या दाराने, खांद्यावरची पिशवीही न उतरवता, थेट स्वयंपाकघरात उभी.

"भाऊ कुठंय?"

"तळघरात. दुसरीकडे कुठे असणार? पदकाचा फोन आल्यापासून टाकीला टेकून उभे आहेत, जशी काही ती पळून जाणार आहे." वहिनी हसली. "बसा ना अक्का. चहा टाकते."

"चहा नको. ते दार जरा लोटून घे."

अक्का भाऊची थोरली बहीण, म्हणजे वहिनीची नणंद. शहरात राहून लोकांच्या वाइन आणि सायडर चाखायच्या आणि त्यांची चव शब्दांत मांडायची, यावर तिचं पोट होतं. अक्काने नाक मुरडलं की दुकानदार फळी रिकामी करतो, असं लोक गमतीने म्हणत. यंदाच्या स्पर्धेत ती परीक्षक होती, आणि त्याच स्पर्धेत भाऊने आपला सायडर, सफरचंदं आंबवून केलेला, पाठवला होता. वडील, अण्णा, गेल्यानंतर त्याने एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर केलेला हा पहिलाच. त्याला रौप्यपदक मिळालं होतं. ग्लासांवर नुसते आकडे असतात, कुणाचा कुठला ते परीक्षकांना ठाऊक नसतं. तरी लोकांची तोंडं कोण धरणार, म्हणून भाऊ आल्यागेल्याला सांगत सुटला होता, की अक्काचा यात काडीचा हात नाही.

"माझा खरंच हात नाही," अक्का म्हणाली. ती आता स्टुलावर टेकली होती. "ग्लास नाकाशी नेला आणि मला आपली बाग कळली. ओढ्याकाठची ती कडवट सफरचंदं, त्यांचा वास मी झोपेतही ओळखेन. तशीच उठले आणि अध्यक्षांना सांगितलं, हा माझ्या घरचा आहे, याला मी गुण देणार नाही. पण तोवर एक घोट पोटात गेला होता."

"मग?"

"मग काय. दोष आहे त्यात."

वहिनी पाव कापत होती. सुरी अर्ध्यात थांबली.

"पदक मिळालंय त्याला, अक्का."

"ठाऊक आहे. हा दोष नाकाला येत नाही. जिभेवरसुद्धा लगेच येत नाही. घोट गिळला, की सावकाश मागून येतो, चोरपावलांनी. उंदराच्या पिंजऱ्यातला जुना भुसा असतो ना, तशी चव. आणि काही माणसांना ती येतच नाही. काहींना हिरवा आणि तांबडा रंग वेगळा दिसत नाही, तसंच. आमच्यातले दोघे त्यातले. बाकीच्यांना आली असेल, पण तोवर पुढचा ग्लास तोंडाला लागला होता. दोष त्याचाच समजून बिचाऱ्या त्या पुढच्याचे गुण गेले."

"थोडीशीच असेल."

"आज थोडीशी आहे. बाटलीत बंद केली की वाढेल. दोन-तीन महिन्यांनी माणूस बाटली उघडेल आणि पुन्हा आपल्या नावाला हात लावणार नाही."

वहिनीने सुरी खाली ठेवली. तिला अक्काचा राग आला, आणि राग येण्यासारखं तिने काही केलं नव्हतं म्हणून जास्तच आला. अण्णा गेल्यापासून भाऊ घरात असून नसल्यासारखा होता. विचारलं तर उत्तर, वाढलं तर जेवण. फोन आला त्या संध्याकाळी मात्र तो अंघोळ करताना शीळ घालत होता. वहिनी हातातला टॉवेल घेऊन दाराबाहेर नुसती उभी राहिली होती, ती शीळ संपू नये म्हणून.

"अक्का, तुमच्या पाया पडते. आजचा दिवस जाऊ द्या. उद्या सकाळी सांगा. एक दिवसाने काय बिघडतंय?"

अक्काने खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली. "एका दिवसाने काही बिघडत नाही," ती शेवटी म्हणाली. "उद्या सकाळी मग. पण सकाळी म्हणजे सकाळी."

"माझा शब्द."

*

जेवणाचं टेबल पुढच्या दालनात मांडलं होतं. एरवी इथे पाहुणे येत, उंच खुर्च्यांवर बसत, आणि चिऊ त्यांना एकेक ग्लास भरून देई. भाऊची ही एकुलती लेक शिक्षण संपवून परत आली, ती या दालनाची मालकीण होऊन बसली. "चांगलं लागतंय" म्हणणाऱ्या पाहुण्याला ती सोडत नसे. चांगलं म्हणजे कसं? लिंबाच्या सालीसारखं, की लिंबाच्या पानासारखं? मोठमोठे लोक तिच्यापुढे शाळकरी पोरांसारखे डोळे मिटून हुंगत बसत.

शेठ सगळ्यात आधी बसला. भाऊचा हा धाकटा भाऊ. विक्री त्याच्याकडे, उतारावरचा द्राक्षमळा त्याच्याकडे, आणि बोलण्याचा मक्ताही त्याच्याकडेच.

"आधी माझी पांढरी वाइन," त्याने बाटली फिरवली. "पदकवाल्यांच्या पंगतीत आम्हा गरिबाला कोण विचारतो. अक्का, सांग. खरं सांग. रडणार नाही."

अक्काने ग्लास तिरका धरून उजेडाकडे पाहिलं, हुंगलं, एक घोट तोंडात फिरवला. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, आणि ते पाहून वहिनीलाही जरा बरं वाटलं.

"कच्च्या पेअरची फोड," अक्का म्हणाली. "कापल्या कापल्या. मागे ओला दगड. आणि शेवटी अगदी पुसट, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं काहीतरी. शेठ, ही तुझी आजवरची सगळ्यात चांगली."

"चादर!" शेठने टेबलावर थाप मारली. "ऐकलंस का चिऊ? चादर! आणि ही कार्टी गेल्या महिन्यात मला म्हणाली, काका, तुझी वाइन बिघडली. पाहुण्यांसमोर! तीन रात्री झोपलो नाही मी."

चिऊ हसली नाही. तिने आपला ग्लास थोडा दूर सारला.

मग भाऊ उठला. त्याने टाकीतून भरून थंड केलेली बाटली फडक्यात धरून आणली आणि सगळ्यांचे ग्लास स्वतः भरले, अक्काचा सर्वांत आधी. सायडर सोन्यासारखा होता, बुडबुडे बारीक. तो बोलायला उभा राहिला आणि नेहमीसारखे त्याला शब्द सापडेनात.

"अण्णा असते तर," एवढं म्हणून तो थांबला. "बस्स. प्या."

सगळ्यांनी घोट घेतला. वहिनीनेही घेतला आणि गिळून वाट पाहिली. तिला भाजलेल्या सफरचंदाची गोडी लागली, मग सालीचा कडवटपणा, मग काहीच नाही. पुन्हा वाट पाहिली. काहीच नाही. अक्काची चूक झाली असेल, असं वाटून तिला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात तिची नजर चिऊवर गेली. चिऊने सायडर ओठाला लावला, पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, आणि कुणी पाहत नाहीसं बघून उरलेला घोट पाण्याच्या ग्लासात ओतून टाकला.

वहिनीने आपला ग्लास खाली ठेवला.

"आता माझी बातमी," शेठ उठला. "दादा, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. हॉटेलवाल्यांचा होकार आला. पदकाचा सायडर, सगळी टाकी, त्यांच्या सगळ्या हॉटेलांत. आणि ऐक, बाटल्या भरायची गाडी मी आजच बोलावली आहे. जेवण आटपेपर्यंत फाटकात येईल. संध्याकाळपर्यंत बुचं लागलेली असतील!"

भाऊचा चेहरा असा उजळला, की वहिनीला तो बघवेना. तिने अक्काकडे पाहिलं. अक्का टेबलाखाली हातरुमाल पिळत होती. ओठ घट्ट मिटलेले. तिने शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती. नजर मात्र वहिनीवर रोखलेली.

आपल्याला लग्न होऊन आल्यापासून एकच विद्या येते, वहिनीला वाटलं. याचं त्याला कळू द्यायचं नाही आणि त्याचं याला. त्या विद्येवर हे घर इतकी वर्षं चाललं होतं. आज ती विद्या पुरणार नव्हती.

"भावोजी, गाडी थांबवा," ती म्हणाली.

"काय?"

"फोन करून सांगा, आज नको. अहो," ती भाऊकडे वळली, "टाकीत दोष आहे. अक्कांनी मला सकाळी सांगितलं. त्या आजच सांगणार होत्या, मीच त्यांना गप्प बसवलं."

भाऊने बाटली खाली ठेवली, अगदी सावकाश, आणि बहिणीला विचारलं, "कसला दोष?"

अक्काने सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण मऊ आवाजात. भाऊने ग्लास उचलला, मोठा घोट घेतला, गिळला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काही नाही," तो म्हणाला.

शेठनेही एक घोट घेतला. "काही नाही. अक्का, तू दमली असशील. दिवसभर चाळीस ग्लास चाखल्यावर माणसाला काहीही लागेल."

"तेरावा होता तो," अक्का म्हणाली. "आणि आत्ताही आहे."

"म्हणजे आम्ही सगळे येडे, पदक देणारे येडे, आणि तू एकटी शहाणी," भाऊ म्हणाला. तो ओरडत नव्हता, आणि म्हणूनच वहिनीला भीती वाटली. "नेहमीचंच आहे म्हणा. लहानपणापासून अण्णा तुलाच तळघरात घेऊन जायचे. मला म्हणायचे, तू बागेत जा, फांद्या गोळा कर. मी दाराच्या फटीतून बघायचो. तुम्ही दोघं टाकीपाशी, अण्णा तुझ्या तोंडाकडे असे बघतायत, जसा देवाचा कौल लागणार आहे. माझ्याकडे त्यांनी एकदाही तसं बघितलं नाही. ठीक आहे. तू गेलीस शहरात, मी राहिलो, फांद्या गोळा केल्या. आता कुठे एक टाकी माझ्या हातून जमली, तर त्यातही तुला उंदीर दिसला."

"भाऊ..."

"दोष माझ्या सायडरमध्ये नाहीये, अक्का."

चिऊची खुर्ची करकरली. ती उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

"बाबा, आहे."

"तू यात पडू नकोस."

"मला महिन्यापासून येतोय. आमच्या शाळेत पांढऱ्या उंदरांचा पिंजरा होता. सुट्टीनंतर वर्ग उघडला की यायचा, तोच. आधी वाटलं, काकाची वाइन बिघडली. कारण मी आधी सायडर प्यायचे आणि मग वाइन, आणि वास वाइनच्या वेळेला यायचा. मग एकदा नुसता सायडर घेऊन बसून राहिले. तेव्हा कळलं." तिने डोळे पुसले. "सांगणार होते. रोज ठरवायचे. पण तू रोज खाली जाऊन त्या टाकीवर हात फिरवायचास. मला नाही जमलं."

जागून काढलेल्या त्या तीन रात्री शेठला आठवल्या असाव्यात. तो खाली बसला.

"खाण्याचा सोडा आहे का गं घरात?" अक्काने वहिनीला विचारलं. "सायडरच्या आंबटपणाने तो वास दाबून धरलेला असतो. तोंडात लाळ मिसळली की आंबटपणा मोडतो आणि वास सुटतो. काहींची लाळ तेवढी मोडत नाही. सोड्याने तो ग्लासातच मोडेल. मग ज्याला येईल त्याला येईल."

"माझ्या सायडरमध्ये सोडा?" भाऊ म्हणाला.

पण वहिनी उठून गेलीसुद्धा होती.

तिने सोडा आणला आणि ग्लासात चमचाभर टाकला. सायडर फसफसून वर आला आणि बसला. तिने नाक जवळ नेलं आणि झटक्याने मागे घेतलं. इतका वेळ जे कुणीतरी सांगत होतं, ते एकदम समोर येऊन उभं राहिलं. मुताच्या वासाचं, कोंदट, जुन्या भुशासारखं. तिने न बोलता ग्लास दिराकडे दिला.

"शी! शी शी शी!" शेठने ग्लास हातभर लांब धरला. "अरे देवा. हे आपण विकणार होतो?"

त्याने ग्लास भाऊसमोर ठेवला. भाऊने तो नाकाशी नेला. दीर्घ श्वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला. वहिनी त्याच्या कपाळाकडे बघत होती, आता आठी पडेल, आता पडेल. आठी पडली नाही. त्याने डोळे उघडले, तेव्हा त्यांत राग उरला नव्हता. बाजारात हात सुटून हरवलेल्या पोराचे असतात, तसे डोळे झाले होते त्याचे.

"तुम्हाला सगळ्यांना येतोय?" त्याने विचारलं.

चिऊने हळूच होकारार्थी मान डोलावली.

"मला येत नाही," तो म्हणाला. "सोडा घालूनही नाही."

तो उठला आणि तळघराच्या जिन्याने खाली गेला.

*

वहिनी त्याच्यामागे जाणार होती, पण अक्काने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, दोघी जाऊ. मला त्याला एक सांगायचंय, आणि तूही ऐकलेलं बरं."

तळघरात गारवा होता, भिंतींना सफरचंदाचा आंबूस वास मुरलेला. तीन टाक्या एका ओळीत. पहिल्या दोन भाऊने अण्णांच्या पद्धतीने भरल्या होत्या, सायडर बिघडू नये म्हणून त्यांत चिमूटभर गंधकाची भुकटी घालून. तिसरी शेठच्या सांगण्यावरून तशीच ठेवली होती. हल्ली लोकांना काहीही न घातलेलं हवं असतं म्हणून. पदक तिसरीचं. भाऊ तिच्याचपाशी उपड्या क्रेटवर बसला होता.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "सायडर करणारा मी, आणि मलाच कळत नाही. अण्णांना कळलं असेल लहानपणीच, म्हणून मला बागेत पिटाळायचे."

"अण्णांना हा वास येत नव्हता," अक्का म्हणाली.

भाऊने मान वर केली.

"त्यांना कधीच आला नाही. मी लहान असताना एकदा अख्खी टाकी गिऱ्हाइकांकडून परत आली होती. तू मांडीवर होतास तेव्हा. अण्णांना कळेना, झालं काय. मी सहज म्हटलं, उंदरासारखं लागतंय. त्या दिवसापासून ते मला खाली आणायला लागले. घोट द्यायचे, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी गिळलं की विचारायचे, आला का उंदीर? मला तो खेळ वाटायचा. तू म्हणालास ना, देवाचा कौल. कौलच तो. त्यांच्याकडे दुसरं साधनच नव्हतं, भाऊ."

"मला का नाही विचारलं?"

"विचारलं होतं. तू पाच-सहा वर्षांचा असशील. तुलाही घोट दिला होता, तुला आठवत नसेल. तू म्हणालास, गोड आहे. अण्णांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, माझ्यासारखाच आहे. मग मला बाहेर नेऊन बजावलं, कुणाला बोलायचं नाही. सायडर करणाऱ्याची जीभ अधू आहे असं कळलं तर कोण घेईल आपला माल? मी शब्द दिला, आणि ते जाईपर्यंत पाळला. नंतरही पाळला. आज वाटतं, नसता पाळला तर बरं झालं असतं. तू आपला फटीतून बघत राहिलास."

वरून चिऊ आणि शेठ जिना उतरून आले होते आणि शेवटच्या पायरीवर थांबले होते.

"मग तू शहरात गेल्यावर ते काय करायचे?" भाऊने विचारलं.

"घाबरायचे. आणि गंधक दुप्पट घालायचे, खबरदारी म्हणून."

"थांबा," वहिनी म्हणाली. "आमच्या लग्नातला सायडर! पेला तोंडाशी नेला की आगपेटीची काडी ओढल्यासारखा वास यायचा. माझे मामा शिंकून शिंकून बेजार झाले. माझ्या माहेरी अजून चेष्टा करतात."

"तोच," अक्का म्हणाली.

भाऊच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. वहिनीला वाटलं, तो रडतोय. तो हसत होता. मग रडतही होता. तिने त्याच्या शेजारी दुसरा क्रेट ओढला आणि बसली. त्याने तिच्या खांद्याला खांदा टेकवला.

"दादा," शेठने पायरीवरून हाक मारली. "ती गंधकाची चिमूट मी बंद करायला लावली."

"टाकी माझी होती," भाऊ म्हणाला. "हॉटेलवाल्यांना काय सांगशील?"

"बघतो. माझी पांढरी देतो त्यांना. चादरीसकट."

वर फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. बाटल्या भरणारी माणसं आली होती. शेठने भाऊकडे पाहिलं, आणि भाऊ उठला. त्याने फडताळातून ग्लास घेतला, पहिल्या टाकीची तोटी सैल करून थोडासा सायडर भरला, आणि ग्लास चिऊपुढे धरला.

"बघ."

"मी?"

"अक्का उद्या परत जाईल. तू इथे आहेस."

चिऊने घोट घेतला, गिळला. घाई करून चालत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. भाऊ मुलीच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या पापण्या, नाकपुड्या, ओठांचे कोपरे, काही सुटू नये असा. त्याचे स्वतःचे ओठ नकळत हलत होते.

"नाही," चिऊ म्हणाली. आणखी थोडं थांबून, "नाही, बाबा. स्वच्छ आहे."

भाऊने अक्काकडे ग्लास नेला. तिनेही घोट घेतला, वाट पाहिली, नकारार्थी मान हलवली. दुसरी टाकीही स्वच्छ निघाली.

"या दोन भरून घेऊ," भाऊ शेठला म्हणाला. "पहिल्यापासून सुरू करायला सांग. तिसरीला हात लावू नका. अक्का, हिचं काही होईल?"

"गंधक घाल आणि ठेवून दे. कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी वास आपसूक जातो. कधी जात नाही."

"ठेवू. चिऊ सांगेल, गेला की नाही ते." त्याने तिसरीच्या तोटीवर घट्ट झाकण बसवलं. "तुमच्या अध्यक्षांचा नंबर दे."

"कशाला?"

"पदक परत करायचंय."

"अरे, तसा काही नियम नाही. कुणी मागितलेलं नाही."

"त्या पुढच्या ग्लासवाल्याचे गुण गेले ना आपल्यापायी? तोही कुणीतरी घरी वाट बघत बसला असेल."

अक्काने नंबर दिला. भाऊने फोन लावला आणि तो जिन्याच्या तोंडाशी, जिथे आवाज नीट पोचतो, तिथे जाऊन उभा राहिला. वहिनीला त्याची पाठ दिसत होती. वर गाडी मागे घेत असल्याचा आवाज येत होता आणि शेठ कुणालातरी डावीकडे, डावीकडे म्हणून ओरडत होता.

"हो, तोच," भाऊ फोनवर म्हणाला. "रौप्यपदकाचा. त्यात दोष आहे, मला तो मागे घ्यायचाय... नाही, तक्रार कुणाचीच नाही. माझीच." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "कसला वास, ते मला विचारू नका साहेब. मला तो येत नाही. माझ्या वडिलांनाही येत नव्हता." त्याचा आवाज कुठेही अडखळला नाही. "माझ्या मुलीला येतो. थांबा, तिला देतो."

त्याने फोन चिऊपुढे धरला. चिऊने फोन कानाशी नेला आणि सांगायला सुरुवात केली.